अभिनंदनाचं तिसरं पत्र

"पुलित्झर मिळालं तिला," म्हणत डॉक्टर पद्माकर नेन्यांनी पेपर खाली ठेवला आणि लेटरपॅड पुढे ओढलं.

त्यांच्या बायकोच्या, सुहासिनीच्या कपाळाला आठी पडली. "परत पत्र? अहो, नॅशनल बुक अवॉर्डला लिहिलंत, क्रिटिक्सच्या प्राइझला लिहिलंत. दोन ओळींचं उत्तर आलं?"

"वेळ नसेल तिला."

"पोराचा जीव वाचवलात तिच्या!"

पद्माकरांनी पत्र लिहिलं आणि स्वतःच पोस्टात टाकून आले.

वीस वर्षांपूर्वी, बहात्तर साली, या लेखिकेला, इडा हॉलबर्गला, काळं कुत्रं विचारत नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीपायी ही अमेरिकन बाई इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत येऊन राहिली होती. तिचा सहा वर्षांचा पीटर मेनिन्जायटिसने फणफणला, तेव्हा वॉर्डात पद्माकर रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचे डॉक्टर होते. सुहासिनी बाळंतपणाला पुण्यात. परतल्यावर तिने विचारलं होतं, "वाचला ना?" त्यांनी मान हलवली होती. त्याच वर्षी हॉस्पिटल सोडून ते लंडनजवळ हॅरोत जीपी, म्हणजे साधे फॅमिली डॉक्टर झाले.

सुहासिनीने हॅरोतल्या प्रत्येक मराठी घरात ही गोष्ट पोचवली. गोऱ्यांनी नवऱ्याला कन्सल्टंट होऊ दिलं नाही, हेही ती त्यातच सांगे. बाईची पुस्तकं मात्र तिने उघडली नव्हती. कृतघ्न माणसाचं काय वाचायचं!

ऑक्टोबरात मैत्रीण वैजयंती म्हणाली, "अगं, तुझी इडा लंडनला येतेय. रीडिंग आहे, मग बुक साइनिंग. येतेस?"

"जाऊ नकोस," पद्माकर म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढलेला तिने कधी ऐकला नव्हता.

"तुम्ही भिडस्त आहात. मी नाही."

ट्रेनमध्ये ती वाक्यं घोकत राहिली. रांगेत तासभर उभी राहिली. नंबर आला तेव्हा पुस्तक पुढे केलंच नाही.

"मी मिसेस नेने. कॉव्हेंट्रीच्या डॉक्टर नेन्यांची बायको."

इडाबाईंचं पेन थांबलं.

"तीन-तीन मोठी अवॉर्ड्स घेतलीत," सुहासिनी तडातडा बोलत सुटली. "सगळ्यांचे आभार मानत असाल. ज्याने तुमच्या मुलाला वाचवलं, त्याला एक पोस्टकार्ड टाकायला हात दुखला?"

वैजयंतीने तिची बाही ओढली.

इडाबाई रागावल्या नाहीत. उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि सुहासिनीला आपल्याच खुर्चीत बसवलं.

"पत्रात ते काय लिहितात, ठाऊक आहे तुम्हाला?" त्यांनी हळू विचारलं.

"अभिनंदन. दुसरं काय?"

"एका ओळीत अभिनंदन. मग चार पानं माफी." इडाबाई खाली वाकल्या. "नर्सने तीनदा बोलावलं होतं, मिसेस नेने. ते चहा संपवून आले, तोवर पीटर गेला होता."