टिकटिक

"फोन म्हणजे नुसतं रेडिएशन," असं बजावत बाबा रोज झोपताना सगळ्यांचे फोन पत्र्याच्या डब्यात कोंडत. लेक हुज्जत घालू लागली, तेव्हा तिची बोलती बंद करायला त्यांनी रेडिएशन सापडलं की टिकटिक करणारं एक स्वस्तातलं यंत्र मागवलं.

फोनवर धरलं, तर यंत्र ढिम्म! बाबांच्या डाव्या मनगटाजवळ आलं मात्र, टिकटिक थांबायचं नाव घेईना. तिथे आजोबांची आठवण म्हणून बांधलेलं, रेडियमच्या आकड्यांचं जुनं घड्याळ होतं.

"घड्याळ म्हटल्यावर टिकटिक करणारच की!" बाबांनी सारवासारव केली.

 

लेकीने डबा पुढे केला. "बाबा, हे घड्याळ मी जन्मायच्या आधीपासून बंद आहे. टाका आत."