वाटाड्या

या फेरीत फंग च्यालिनला मिळणार होतं ते दोनच: रात्री कोंबड्याचं झणझणीत कालवण आणि आईची कटकट कायमची बंद. तेवढ्यासाठी साठीला टेकलेला हा माणूस, छोंगछिंगच्या ऑगस्टात दगडालाही घाम फुटतो अशा दुपारी, बांबूची टोपली घेऊन चौकातल्या स्मारकापुढे उभा होता. टोपलीत लाल कोंबडा, कोंबड्याखाली घडी घातलेली एक जुनी बंडी.

बंडी आजोबांची. ते लढाईवर गेले तेव्हा च्यालिनची आई पोटात होती. याच चौकातल्या उंच मनोऱ्याखालून पलटणीबरोबर निघाले, एवढंच घरात ठाऊक. पडले कुठे, कोणालाच नाही. आजीचं थडगं आता नव्या जागी हलवलं होतं. शेजारची आजोबांची जागा रिकामी होती, आणि उद्या सकाळी गवंडी वर दगड बसवणार होता. आत बंडी ठेवायची. पण नुसतं कापड ठेवून काय उपयोग? आधी माणूस बोलवायला हवा. कोंबड्याच्या पाठीवर दारू ओतायची, हाक मारायची. त्यानं पिसं झटकली की माणूस आला.

"हा मनोरा नव्हे," सोबत आलेली त्याची म्हातारी आई मान वर करून म्हणाली.

"हाच, आई."

"आई म्हणायची, अख्ख्या शहरात उंच तो. हा त्या समोरच्या दुकानाच्या कमरेलाही लागत नाही. शिवाय तो लाकडी होता."

"लाकडी पडला. त्याच जागी हा बांधला."

"त्याच जागी? जागा कोणी मोजली?"

म्हातारीनं डोळे बारीक करून वरची अक्षरं वाचली. "मुक्ती, मुक्ती काय? बाबा जपान्यांशी लढायला गेलेले. ही कुठली लढाई?"

"आधी त्याच लढाईचा होता. पुढे नाव बदललं."

"मग बाबांना सापडायचा कसा?"

जन्मभर च्यालिन लोकांना 'स्मारकापाशी भेटू' म्हणत आला होता. कशाचं स्मारक, ते त्याला कोणी विचारलं नव्हतं.

एवढ्यात निळ्या गणवेशातला रखवालदार आला. "आजी, इथे कोंबडा चालत नाही."

"असं कुठे लिहिलंय?" च्यालिन म्हणाला.

"लिहिलं नाही, कारण आजवर कोणी आणला नव्हता."

"माझ्या वडिलांना न्यायला आलेय," म्हातारी म्हणाली.

रखवालदारानं इकडे तिकडे पाहिलं. वडील कुठे दिसेनात. "बरं. लवकर न्या."

म्हातारीनं बाटली उघडली, कोंबड्याच्या पाठीवर दारू ओतली. "बाबा, घरी चला."

कोंबड्यानं डोळे मिटले.

"बाबा, चला हो."

"आजी," रखवालदाराला राहवेना, "इथून गेलेला जो तो कोणाचा ना कोणाचा बाबा. नाव घेऊन बोलवा."

"बापाचं नाव घेतात का रे? तू घेतोस?"

"फक्त अर्जावर."

पुन्हा दारू, पुन्हा हाक. कोंबडा चोच वासून धापा टाकत बसला. म्हातारीनं बाटली उलटी धरून पाहिली, रिकामी होती. ती तिथेच पायरीवर टेकली.

"नाही आले. उद्या दगड बसेल, आणि आई एकटीच."

हे ती रडून म्हणाली असती, तर च्यालिननं समजूत काढली असती. पण ती नुसती त्या मनोऱ्याकडे बघत राहिली, चुकीच्या दारावर थाप मारल्यासारखी. च्यालिननं टोपली उचलली.

"आई, जुना मनोरा थोडा तिकडे असेल. तिकडे हाक मारून बघ."

तिकडे म्हणजे हॉटपॉटच्या, टेबलावरच उकळत्या रश्शात शिजवून खायच्या हॉटेलापुढे. नंबर लागायची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी तिथे छतातून पाण्याचे बारीक तुषार सोडले होते. च्यालिननं जागा नीट हेरून टोपली त्यांच्याखाली ठेवली.

"बाबा, घरी चला," म्हातारी म्हणाली.

कोंबड्यानं मान ताणली, अंग फुगवलं आणि अशी काही पिसं झटकली की दारूचे थेंब मागोमाग आलेल्या रखवालदाराच्या तोंडावर उडाले.

म्हातारीनं गुडघे टेकले. रांगेतली माणसं मुकाट्यानं बाजूला सरली. रखवालदारानं टोपी काढली; घाम पुसायला की आणखी कशाला, ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

परतताना टॅक्सीत म्हातारी दाराला चिकटून बसली. मधली जागा टोपलीला. नदी आली तशी ती टोपलीवर वाकली. मेलेल्या माणसाची वाट पाण्यावर चुकते, त्याला सांगावं लागतं.

"बाबा, पूल आला. खाली बघू नका."

च्यालिननं कोंबड्याच्या ओल्या पिसांकडे पाहिलं.

"आई, समजा दुसराच कोणी आला असला तर?"

म्हातारीनं बंडीची बाही सरळ केली. "मी तरी बाबांना कुठे पाहिलंय? कोणी का असेना. इतकी वर्षं त्याला न्यायला कोणी आलं नव्हतं, एवढं तर खरं." मग जरा थांबून म्हणाली, "पुढचं आई बघून घेईल."

"आणि कोंबडा?"

"वाट दाखवणाऱ्याला कापतात का, गाढवा? तुझ्या गच्चीत राहील."

थोड्या वेळानं तिला डुलकी लागली. शहर मागे पडलं, आणि समोर दुसरा पूल दिसू लागला, पहिल्याहून लांब. च्यालिननं तिला हलवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हातारीला बाप मिळाला होता, तिच्या आईला सोबत, कोंबड्याला जीव. त्याचा मोबदला द्यायला आता एकटा च्यालिनच जागा होता. ड्रायव्हर आरशातून बघत होता. तो पुढे बघेपर्यंत च्यालिन थांबला, मग टोपलीवर वाकला.

"आजोबा," तो हळूच म्हणाला, "पूल आला."