ओल्या लाकडाचा वाडगा

"हे काय होय, बाई? उखळ होय का?" केंद्राच्या साहेबांनी शोभाचा वाडगा एका बोटानं ढकलून पाहिला.

"वाडगा होय, साहेब. अर्धा झाला."

"अर्धा!" साहेब प्रमुख पाहुण्यांकडे पाहून हसले. साहेब हसले म्हणून पाहुणेही हसले.

सौसरच्या प्रशिक्षण केंद्राच्या अंगणात समारोप चालू होता. दहा दिवस गावोगावच्या बाया-पुरुषांना खरादावर लाकूड फिरवून भांडी घडवायला शिकवलं होतं. लाकूड संत्र्याचं, नुकत्याच उपटलेल्या बागेतलं. पटाशी लावली की तोंडावर पाणी उडत होतं. पहिला क्रमांक येणाऱ्याला खराद मशीन मिळणार होती. शोभानं त्या मशीनसाठी लोधीखेड्याच्या घरी गोठ्यातली गव्हाण काढून जागा केली होती.

"लाकूड ओलं आहे, साहेब," ती म्हणाली. "आत्ता जाडच ठेवा लागते. चार महिने सावलीत वाळलं, की मंग पुन्हा मशीनवर चढवून पातळ करा लागते. मधुकरकाकांनी तसंच शिकवलं."

शिकवणारे मधुकर खरादी शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी मान हलवली. तिकडे कोणी पाहिलं नाही.

"चार महिने? परवा एकतीस मार्च आहे, बाई. सरकार तुमच्या लाकडासाठी थांबून राहते का?"

शेजारी तिच्यासोबतच शिकलेल्या हर्षलचा वाडगा होता. पापडासारखा पातळ, वरून पॉलिश मारलेला. सकाळपासून उन्हात चमकत होता.

"याले म्हणतात काम!" साहेब म्हणाले. माइकवर हर्षलचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी वाडगा हातात घेतला. फोटोग्राफर पुढे आला.

टक्.

काठापासून बुडापर्यंत चीर गेली. बोट जाईल एवढी.

"मी काही नाही केलं," पाहुणे घाईनं म्हणाले.

शोभा उठून उभी राहिली. "साहेब, आता तरी..."

"आता काय?" साहेबांनी मागच्या बॅनरकडे हात केला. 'प्रथम क्रमांक' आणि त्याखाली वीतभर अक्षरांत हर्षलचं नाव. "कालच छापून आला. नाव कसं बदलवता?"

बॅनर काल छापला होता. निकाल आज लागला होता. मांडवात कोणालाच त्याचं नवल वाटलं नाही.

मग साहेब स्टेजवरून खाली आले. आवाज मऊ झाला. "ताई, तुमचा तो वाडगा द्या बरं जरा. फोटोपुरता. पाहुण्यांच्या हातात काहीतरी पाहिजे ना."

"अर्धा आहे तो, साहेब."

"फोटोत कोणाले समजते?"

शोभानं वाडगा उचलला आणि ऊन लागू नये म्हणून पदराखाली धरला.

"मंग बॅनरचाच काढा ना फोटो," ती म्हणाली. "तो तं कालपासून तयार आहे."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. साहेबांनी क्षणभर विचार केला. त्यांना ते पटलं. ते स्टेजवर चढले, फोटोग्राफरला दोन पावलं मागे घेतलं आणि हर्षलच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "थोडा बाजूला सरक बाबू, तुझं नाव झाकून राहिलं."