तमासुराची विहीर

चतुराबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि नवं पुस्तक पाटावर ठेवलं. शिरा आधीच करून ठेवला होता. वाचन पुरं झालं की प्रसाद हवाच, आणि वाचून दमल्यावर रवा कोण भाजत बसणार?

"आजी, जल्दी ना!" केतकी पाटाभोवती नाचत होती.

"आई, ते सिनेमाचं पुस्तक आहे, पोथी नव्हे," दाराशी बूट घालता घालता कुलदीप हसला.

"अक्षरं आहेत ना त्यात? मग झालं."

अक्षरं ओळखीची होऊन चतुराबाईंना वर्षही झालं नव्हतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं असं हे पहिलंच पुस्तक. सातव्या वर्षी नातीला तेलुगू वाचता येई, इंग्रजी येई. मराठी नुसतीच बोलता येई. पण गरुडवीराचे तिन्ही सिनेमे तिला तोंडपाठ होते.

खाली गौलीगुड्याच्या रस्त्यावर बसगाड्यांचे भोंगे चालले होते. चतुराबाईंनी आवाज चढवला आणि अक्षराखाली बोट ठेवलं.

"ग-रु-ड-वीर उ-डा-ला."

"उडाला!" केतकी सोफ्यावर चढली.

पान उलटलं. "गरुडवीर खाली आला."

"का?"

"ते नाही लिहिलेलं."

चित्रं सिनेमातलीच, पण धुरकट. पंख कागदाबाहेर गेलेले, त्यांच्याबरोबर गरुडवीराचं अर्धं डोकंही. चतुराबाईंना त्याचं काही नव्हतं. आता त्या अक्षरं फोडत नव्हत्या, सलग वाचत होत्या. "तमासुर हसला!" केतकीनं उशी छातीशी घट्ट धरली. आता लढाई होणार.

"पुढे काय झाले? प-ड-द्या... पडद्यावर पाहा!"

"बस? खतम?" केतकीनं पान उलटलं. मागचं पान कोरं होतं. "मारामारी कुठंय?" तिचा खालचा ओठ बाहेर आला. "नक्को मला हे."

"फसवलं लेकाच्यांनी," कुलदीप म्हणाला. "आण इकडं. आबिड्सच्या बाजारातच चाललोय, बदलून आणतो. डाग तेवढा पाडू नका, नाहीतर दुकानदार घ्यायचा नाही."

चतुराबाईंनी पुस्तकावर तळवा ठेवला. "राक्षस जिवंत ठेवून कुणी वाचन मिटतं का? मग प्रसाद कशाचा वाटू?" त्या केतकीकडे वळल्या. "सिनेमात कसा मरतो गं तो?"

"मरतच नाही. दर वेळी पळून जातो. चौथ्यात परत येणार."

"तीनदा सुटला मेला?"

"हौ!"

"मग आपणच मारू. पेन आण."

केतकी धावली. चतुराबाईंनी आजवर पेनानं फक्त सही केली होती. त्यांनी पेनाचं टोक कोऱ्या पानावर टेकवलं.

"आई, अगं पेनानं नको!"

"तू थांब रे. बोल केतकी, कसा मारायचा?"

"विद्युत्-अस्त्रानं!"

"एवढी जोडाक्षरं मला नाही जमायची. सोपं मरण सांग."

"मग डोंगरावरून ढकल! नाही, नाही, विहिरीत! खोल विहिरीत!" केतकी जागच्या जागी उड्या मारू लागली.

"विहीर जमेल."

त्या एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत लिहू लागल्या. केतकीही त्यांच्याबरोबर ओरडून म्हणू लागली. वेलांट्या वाकड्या पडल्या, ओळ वर चढत गेली. 'गरुडवीर आला. तमासुर खोल विहिरीत पडला. मेला.'

"मेला!" केतकीनं टाळ्या पिटल्या. मग एकदम थांबली. "पण आजी, वर आला तर? तो दर वेळी येतो."

चतुराबाई विचारात पडल्या. कुलदीपही एक बूट हातात धरून तसाच उभा राहिला.

चतुराबाईंनी जीभ दातात धरली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत.

'विहीर बुजवली.'

शाईवर फुंकर घालून त्यांनी पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं आणि शिऱ्यावरचं झाकण काढलं. कुलदीपनं पायातला बूटही काढला. पाटापाशी येऊन त्यानं हात पुढं केला.

"आधी धुऊन ये," चतुराबाई म्हणाल्या.