घरच्या सगळ्यांचा फोटो

लेकीची बालवाडीची पिशवी भरून झाली होती. जादा कपड्यांचा जोड, नॅपकिन, टोपी, तिला उघडता यावं म्हणून झाकण सैल केलेली पाण्याची बाटली. राहिला होता फक्त बाईंनी मागितलेला घरच्या सगळ्यांचा एक फोटो. मूल रडायला लागलं की त्याच्या हातात द्यायला.

आई पेशाने फोटोग्राफर. दिवसभर स्टुडिओत "काका, जरा आत सरका, हसा की!" म्हणत लोकांची कुटुंबं खेटून उभी करायची. स्वतःच्या घरात माणसं दोनच, आणि त्यातलं एक कायम कॅमेऱ्यामागे. टायमर लावून दोघींचा एक काढू, काढू म्हणता म्हणता राहूनच गेला होता.

शेवटी तिने मैदानात काढलेला लेकीचा एकटीचाच फोटो पिशवीत सरकवला. तोही फसलेला. ऊन पाठीशी घेऊन काढताना तिची स्वतःची लांबलचक सावली लेकीच्या पायापर्यंत आली होती. गिऱ्हाइकाचा असता तर तेवढा भाग कापूनच दिला असता.

दुपारी लेकीला आणायला गेली तेव्हा तिने आधीच सांगून टाकलं, "बाई, माफ करा हं. फोटोत ती एकटीच आहे."

"एकटी कुठे?" बाई म्हणाल्या.

 

"सकाळपासून त्या सावलीवर बोट ठेवून सगळ्या वर्गाला सांगतेय, 'माझी आई गेलीच नाहीये. ही काय, इथेच उभी आहे.'"