लाल ठिपक्याचा शंख

टबाच्या झाकणाला त्याने पुन्हा कान लावला. आत खुडबुड चालू होती, पण नको त्या कोपऱ्यात.

"आत जा की रे बाबा," कुलूपवाला पुटपुटला. गावभरच्या तिजोऱ्या उघडणाऱ्या माणसाच्या शंखात राहणाऱ्या एका बोटभर खेकड्याने सकाळपासून नाकी नऊ आणले होते.

काचेची पेटी गळायला लागली, म्हणून त्याने आधीच्या खेकड्यासाठी हे तात्पुरतं घर केलं होतं. प्लास्टिकचा टब, ओली वाळू, एका बशीत गोडं पाणी, दुसरीत खारं. तेवढ्यावर थांबला असता तर तो कुलूपवाला कसला! झाकणाला बिजागरी लावली, कडी बसवली आणि ती कुरकुरते म्हणून सवयीने तेल सोडलं, चांगलं सढळ हाताने. ते आत ठिबकलं. परवा सकाळी खेकडा शंखाबाहेर लोंबत होता, मेलेला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

तो खेकडा बायकोने कित्येक वर्षं सांभाळलेला. शंखावर तिच्या नेलपेंटचा लाल ठिपका होता. ती गेल्यापासून लेकीशी फोनवर बोलायला त्याच्याकडे तेवढा एकच विषय उरला होता. खातो का, फिरतो का, वाळू ओली आहे ना. तीच लेक आज संध्याकाळी घरी येणार होती. तिला काय सांगणार, तुझ्या आईचा जीव होता त्यात, आणि मी त्याला तेल पाजलं?

म्हणून त्याने तेवढ्याच आकाराचा दुसरा खेकडा विकत आणला. टब घासला, वाळू बदलली. आता या नव्या खेकड्याने आपला तपकिरी शंख सोडून ठिपक्याच्या शंखात शिरायचं, एवढंच काम होतं. पण बेटा जवळ यायचा, आत नांगी घालून बघायचा आणि भाड्याची खोली नापसंत पडल्यासारखा पाठ फिरवायचा. कुलूपवाल्याने खाऊचं आमिष दाखवलं, हात जोडले, शेवटी शिव्याही घातल्या. खेकडा ढिम्म. संतापाने त्याने ठिपक्याचा शंख उचलून घेतला.

तेवढ्यात बेल वाजली.

लेकीने बॅग दारातच ठेवली आणि थेट टबापाशी जाऊन बसली. तपकिरी शंखातला खेकडा तिने बघितला. मग वडिलांच्या हातातला रिकामा शंख बघितला.

"त्याने घर बदललंय," कुलूपवाला म्हणाला. दिवसभर पाठ केलेल्या वाक्यांपैकी एवढंच तोंडातून निघालं.

तिने हात पुढे केला. शंख घेऊन स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. तो मान खाली घालून बसला, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला.

ती परत आली तेव्हा हातात वाटी होती आणि वाटीत शंख बुडालेला होता.

"कोमट खाऱ्या पाण्यात थोडा वेळ ठेवायचा, बाबा. मग नवा पटकन शिरतो. तुम्ही कामावर गेलात की आई दर वेळी असंच करायची."