उभ्याने

“दोन पोळ्या आणि वाटीभर भात. एवढंच खाते हो मी,” हेमांगीने आहारतज्ज्ञ बाईंना कळवळून सांगितलं. तरी वजनाचा काटा पुढेच सरकत होता. गुडघे बोलू लागले होते, त्यात आता साखर निघाली होती.

“हे झालं बसून खाल्लेलं,” बाई म्हणाल्या. “उभ्याने काय खाता?”

तिला प्रश्नच कळला नाही.

घरी जेवणं उरकली. ओट्याशी उभं राहून तिने नवऱ्याच्या ताटातला उरलेला भात सवयीने तोंडात टाकला, पातेल्याला लागलेली खीर बोटाने निपटली, आणि मग बाईंचा प्रश्न आठवून ती जागीच थबकली. आईसुद्धा अशीच ओट्याशी उभी राहून सगळ्यांचं उरलंसुरलं संपवायची. “टाकायचं कशाला? पाप लागतं.” आणि चारचौघांत सांगायची, मी काही खातच नाही. शेवटी त्या जड देहापुढे तिच्या हृदयानेच हात टेकले.

मागे ताटली वाजली. तिची आठ वर्षांची लेक ईरा उभ्याउभ्या धाकट्या भावाची अर्धी पोळी चावत होती.

“भूक आहे का गं अजून?”

“नाही. पण टाकायचं कशाला?”

ईराने आजीला कधी पाहिलंच नव्हतं. मान कलती करून बोलायची ती लकब मात्र आजीचीच होती.

हेमांगीने पोळी काढून घेतली. हात आपसूक स्वतःच्या तोंडाकडे निघाला. तो तिने कचऱ्याच्या डब्याकडे वळवला. झाकण पडलं.

पाठीमागे कुणीतरी ओळखीच्या आवाजात चुकचुकलं. वळून पाहायला ती धजावली नाही.